ढगातला थेंब, प्लाझ्मातला इलेक्ट्रॉन आणि लेसरचे माप

ढगातला पाण्याचा थेंब पंधरा मायक्रॉन व्यासाचा आहे, असे उपकरण सांगते. अणुकेंद्रकांच्या संमीलनाच्या यंत्रातल्या वायूचे तापमान वीस लाख अंश आहे, असे दुसरे उपकरण सांगते. पहिल्या ठिकाणी मोजपट्टी लावता येत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी तापमापी टिकत नाही. दोन्ही उपकरणे लेसरचा झोत सोडतात, विखुरलेला प्रकाश गोळा करतात आणि त्यावरून आकडा देतात. असा आकडा ऐकल्यावर सामान्य वाचकाच्या मनात साधा प्रश्न येतो: हे खरे कशावरून? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे अंशांकन. प्रयोगशाळेच्या रोजच्या बोलीत कॅलिब्रेशन. या प्रकरणात ते आधी सातारा जिल्ह्यातल्या ढगांच्या उदाहरणाने आणि मग संमीलन संशोधनातल्या प्लाझ्माच्या, म्हणजे तापलेल्या, विजेने भारलेल्या वायूच्या, उदाहरणाने पाहू.

१. मोजायचे कुठे आणि कशासाठी

महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांकडे जावे तसा तो झपाट्याने घटत पाच-सहाशे मिलिमीटरच्या घरात येतो. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प सह्याद्रीच्या चढणीवर उचलले जाते, थंड होते आणि घाटमाथ्यावरच बरेचसे रिकामे होते. पुढे जाणारे ढग दिसतात, पण बरसतीलच असे नाही. ढग असून पाऊस का नाही, हा सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातला जुना प्रश्न आहे. त्याच्या उत्तराचा एक भाग थेंबांच्या आकारात आहे.

ढगातला सामान्य थेंब दहा-वीस मायक्रॉन व्यासाचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पावसाचा थेंब एक-दोन मिलिमीटरचा, म्हणजे व्यासाने सुमारे शंभर पट मोठा असतो. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढत असल्याने पावसाच्या एका थेंबात ढगातले सुमारे दहा लाख थेंब मावतात. थेंब फार बारीक आणि एकसारखे असले, तर ते एकमेकांवर आदळून एकत्र येत नाहीत आणि ढग कोरडाच पुढे सरकतो. हवेत धुळीचे आणि धुराचे कण जास्त असले, की तेवढेच पाणी जास्त थेंबांत वाटले जाते आणि प्रत्येक थेंब लहान राहतो. म्हणून थेंबांचा आकार, त्यांची संख्या आणि हवेतले सूक्ष्मकण हे तिन्ही एकत्र मोजावे लागतात.

यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला मेघभौतिकीची उच्चस्थळ प्रयोगशाळा सुरू केली. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या या जागेचा मोठा फायदा असा, की पावसाळ्यात ढगच जमिनीवर उतरतो. एरवी विमानाला बांधून न्यावे लागते ते उपकरण इथे छतावर ठेवून चालते. याच संशोधनासाठी वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर संस्थेचे एक्स-बँड रडार आहे. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत संस्थेच्या ‘कायपीक्स’ मोहिमेची विमाने सोलापूरहून पर्जन्यछायेतल्या ढगांत गेली.

२. उपकरण आकार मोजत नाही

लेसरने थेंब मोजणाऱ्या उपकरणाला क्लाउड ड्रॉपलेट प्रोब म्हणतात. त्याला दोन शिंगांसारख्या भुजा असतात. एका भुजेतून दुसरीकडे लाल लेसरचा बारीक झोत जातो. या लेसरची तरंगलांबी ६५८ नॅनोमीटर असते. दोन भुजांमधून हवा वाहते. एखादा थेंब झोतातून गेला, की क्षणभर प्रकाश विखुरतो. समोरच्या भुजेतले भिंग पुढच्या दिशेला सुमारे ४ ते १२ अंशांत विखुरलेला प्रकाश गोळा करून डिटेक्टरवर टाकते. मधला सरळ येणारा झोत एका ठिपक्याने अडवलेला असतो. तो तसाच आत आला, तर थेंबाने विखुरलेला अंधुक प्रकाश त्यापुढे दिसणारच नाही.

डिटेक्टरमधून बाहेर येते ती विजेची एक स्पंद: इतके मिलिव्होल्ट, इतका वेळ. उपकरणाला थेंबाविषयी एवढेच कळते. ‘पंधरा मायक्रॉन’ हा आकडा त्या मिलिव्होल्टमध्ये लिहिलेला नसतो. कोणती स्पंद किती मायक्रॉनची, हे आधी कोणीतरी ज्ञात आकाराचे कण झोतातून सोडून ठरवलेले असते.

सांगलीच्या हळदीच्या पेठेतल्या काट्याची गोष्ट अशीच आहे. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या आत पोत्याच्या भाराने धातूचा तुकडा किंचित वाकतो आणि त्याचा विद्युत रोध बदलतो. पडद्यावर दिसणारे किलो हे त्या बदलाचे भाषांतर असते. वैधमापन खात्याचा निरीक्षक शिक्क्याची वजने ठेवून ते भाषांतर बरोबर आहे का ते तपासतो आणि मगच काट्यावर मोहोर उठते. लेसर उपकरणालाही अशी शिक्क्याची वजने लागतात. अडचण एवढीच, की पंधरा मायक्रॉनचा पाण्याचा थेंब डबीत घालून ठेवता येत नाही. तो हवेत सुटताच वाळू लागतो.

३. विखुरण्याचे तीन प्रकार

पुढे जाण्याआधी प्रकाश विखुरतो म्हणजे काय, हे पाहायला हवे. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. ती पदार्थावर पडली, की त्यातले इलेक्ट्रॉन लहरीच्या तालावर हलतात आणि हलणारे इलेक्ट्रॉन स्वतः सर्व दिशांना प्रकाश फेकतात. याला विकिरण म्हणतात. विकिरणाचे रूप मात्र अडथळ्याच्या आकारावर ठरते.

पहिला प्रकार तरंगलांबीपेक्षा मोठ्या कणांचा. ढगातल्या थेंबासमोर लाल प्रकाशाची तरंगलांबी लहान असते. थेंबाच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेल्या लहरी एकमेकींना कुठे साथ देतात, कुठे खोडतात. या गुंतागुंतीचे गणित जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ मध्ये मांडले. विखुरलेल्या प्रकाशाचा मोठा भाग पुढच्या दिशेला जातो, म्हणून उपकरण पुढचा प्रकाश गोळा करते.

दुसरा प्रकार रेणूंचा. हवेतले नायट्रोजनचे रेणू तरंगलांबीपेक्षा हजारपट लहान असतात. त्यांचे विकिरण फार क्षीण असते आणि तरंगलांबी जितकी कमी तितके ते वेगाने वाढते. तरंगलांबी निम्मी झाली, तर विकिरण सोळापट होते. निळे आकाश याच नियमाने निळे दिसते. याला रेली विकिरण म्हणतात. त्यात प्रकाशाचा रंग बदलत नाही. पण लाखो-कोट्यवधींतला एखादा फोटॉन रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो आणि रंग बदलून बाहेर पडतो. हा परिणाम चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात शोधला आणि त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल मिळाले.

तिसरा प्रकार एकट्या, मोकळ्या इलेक्ट्रॉनचा. त्याचा नियम इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांच्या नावाने ओळखला जातो. प्लाझ्मात रेणू फुटलेले आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. त्यामुळे तिथे हाच प्रकार उपयोगी पडतो. थेंबाचे अंशांकन समजले, की इलेक्ट्रॉनचे समजायला जड जात नाही.

४. काचमण्यांची परीक्षा

पाण्याच्या थेंबाऐवजी काचेचे बारीक गोल मणी वापरतात. ते विशिष्ट आकाराचे तयार मिळतात, वाळत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचा व्यास वेगळ्या रीतीने तपासता येतो. मोहिमेआधी, मोहीम चालू असताना आणि शेवटी, हे मणी हवेच्या हलक्या झोताने उपकरणाच्या लेसरमधून सोडतात. एका आकाराचे हजारो मणी गेले, की स्पंदांच्या आलेखात एक टोक उठते. दुसऱ्या आकाराचे मणी सोडले, की टोक सरकते. चार-पाच आकार झाले, की मिलिव्होल्ट आणि मायक्रॉन यांच्यातला आलेख उभा राहतो.

ढगाआधीच्या सूक्ष्मकणांसाठी हीच रीत, फक्त मणी बदलतात. धुळीचे आणि धुराचे कण अनेकदा एक मायक्रॉनहूनही लहान असतात. तिथे पॉलिस्टायरीन लेटेक्सचे गोळे वापरतात. ते पाण्यात मिसळून फवारतात, पाणी वाळून जाते आणि ठरावीक आकाराचा गोळा हवेत उरतो.

ही परीक्षा इतकी नेमाने का करावी लागते, ते एका हिशोबातून कळेल. ढगात दर घन सेंटिमीटरला २०० थेंब आहेत आणि प्रत्येकाचा व्यास १५ मायक्रॉन आहे असे धरू. सगळ्यांचे पाणी एकत्र केले, तर दर घनमीटर हवेत सुमारे ०.३५ ग्रॅम भरते. आता उपकरणाने व्यास दहा टक्के जास्त, म्हणजे १६.५ मायक्रॉन सांगितला. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे पाणी ०.४७ ग्रॅम निघेल. व्यासातली दहा टक्के चूक पाण्याच्या हिशोबात तेहतीस टक्के होते.

५. काच आणि पाणी यांतला फरक

मणी आणि थेंब सारख्या व्यासाचे असले, तरी सारखा प्रकाश देत नाहीत. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, तर पाण्याचा १.३३. ४ ते १२ अंशांत काचमणी पाण्याच्या थेंबापेक्षा वेगळ्या प्रमाणात प्रकाश टाकतो. हिशोब केल्यावर दिसते, की अमुक व्यासाचा मणी त्याहून काहीशा लहान थेंबाएवढा प्रकाश देतो. म्हणून मण्याचा आकडा तसाच थेंबाला लावत नाहीत. मी यांच्या गणिताने काचेसाठी आणि पाण्यासाठी स्वतंत्र आलेख काढतात. प्रयोगात मिळालेले मिलिव्होल्ट काचेच्या आलेखावर बसवून उपकरणाची संवेदनशीलता ठरवतात आणि मग पाण्याच्या आलेखावरून थेंबाचा व्यास वाचतात.

ही दुसरी पायरी वगळली, तर मणी अचूक असूनही सगळे थेंब एकाच बाजूला चुकतात. अंशांकनाचा हा महत्त्वाचा नियम आहे. हाताशी असलेल्या ज्ञात वस्तूवर उपकरण तपासायचे, आणि ज्ञात वस्तू व मोजायची वस्तू यांतला फरक गणिताने भरून काढायचा.

पाण्याच्या आलेखात आणखी एक अडचण असते. व्यास वाढला की प्रकाश एकूण वाढतो खरा, पण लहान आकारांत तो सरळ चढत नाही. खाली-वर हेलकावे घेतो. त्यामुळे एकाच उजेडाला दोन किंवा तीन व्यास जुळतात. उपकरण ज्या आकारगटांत थेंब मोजते, ते खाने फार अरुंद केले, तर निसर्गात नसलेली टोके थेंबांच्या आलेखात दिसू लागतात. म्हणून या भागात मुद्दाम रुंद खाने ठेवतात. बारीक तपशिलाचा मोह सोडून खात्रीचा आकडा घ्यायचा.

६. किती थेंब, हा वेगळा प्रश्न

आकार कळला, तरी संख्या कळत नाही. दर घन सेंटिमीटरला किती थेंब, हे सांगायला एका सेकंदात किती हवा तपासली हे माहीत हवे. झोताचा मधला एक छोटा तुकडाच नीट दिसतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.३ चौरस मिलिमीटर धरू. विमान सेकंदाला १०० मीटर वेगाने उडत असेल, तर दर सेकंदाला ३० घन सेंटिमीटर हवा तपासली जाते. सहा हजार थेंब मोजले गेले, तर दर घन सेंटिमीटरला २०० थेंब. पण ते क्षेत्रफळ प्रत्यक्षात ०.२४ चौरस मिलिमीटर असेल, तर तेच सहा हजार थेंब २४ घन सेंटिमीटरमधले होतात आणि उत्तर २५० येते.

काचमण्यांनी हे क्षेत्रफळ कळत नाही, कारण मणी कुठूनही जातात. त्यासाठी इंकजेट छपाईच्या तत्त्वावर चालणारा थेंब-जनक वापरतात. तो एकामागून एक सारखे पाण्याचे थेंब सोडतो. त्याची नळी काही मायक्रॉनच्या पावलांनी झोतावर सरकवत नेतात आणि कोणत्या जागेवरचे थेंब उपकरण मान्य करते, कोणत्या जागेवरचे नाकारते, याचा नकाशा काढतात. पाण्याच्याच थेंबांवर तपासणी झाल्याने काच आणि पाण्यातल्या फरकाचाही इथे प्रत्यक्ष पडताळा मिळतो.

दाट ढगात तिसरी चूक शिरते. दोन थेंब एकाच क्षणी झोतात आले, तर उपकरणाला एकच, जरा मोठा थेंब दिसतो. संख्या घटते आणि आकार फुगतो. थेंब जितके दाट, तितकी ही चूक मोठी, म्हणून तिची दुरुस्ती घनतेनुसार बदलावी लागते. महाबळेश्वरला छतावर ठेवलेल्या उपकरणाला विमानाचा वेगही मिळत नाही. वारा कधी पडतो, कधी सुटतो, त्यामुळे झोतातून किती हवा गेली याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

७. थेंबापासून इलेक्ट्रॉनपर्यंत

आता दुसऱ्या टोकाकडे. सूर्यात हायड्रोजनची केंद्रके जुळून ऊर्जा निघते. हेच संमीलन. तीच क्रिया पृथ्वीवर घडवायची, तर वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापवून चुंबकीय क्षेत्रात धरून ठेवावा लागतो. या तापलेल्या, विजेने भारलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात आणि त्याला धरणाऱ्या वलयाकार यंत्राला टोकामॅक. होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हातल्या अणुऊर्जा परिषदेच्या अध्यक्षपदावरून, दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा ताब्यात येईल, असा अंदाज वर्तवला होता. तो खरा ठरला नाही, पण संशोधन चालू राहिले. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ हा टोकामॅक आणि २०१३ मध्ये अतिसंवाहक चुंबकांचा ‘एसएसटी-१’ चालू झाला. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारत २००५ च्या अखेरीस सहभागी झाला.

प्लाझ्माचे तापमान इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सांगतात. एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० अंश. ‘आदित्य’सारख्या यंत्रात इलेक्ट्रॉनांचे तापमान काहीशे इलेक्ट्रॉनव्होल्ट असते. तापमान म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या धावपळीचा वेग. लेसरचा प्रकाश धावत्या इलेक्ट्रॉनवरून विखुरला, की त्याची तरंगलांबी बदलते. इलेक्ट्रॉन डिटेक्टरकडे येत असेल तर ती घटते, दूर जात असेल तर वाढते. कोट्यवधी इलेक्ट्रॉन सर्व दिशांना धावत असल्याने लेसरचा एकच रंग पसरून रुंद पट्टा होतो. पट्टा जितका रुंद, तितका प्लाझ्मा गरम. पट्ट्यातला एकूण प्रकाश जितका जास्त, तितके इलेक्ट्रॉन दाट.

या पद्धतीचे वजन १९६९ मध्ये सिद्ध झाले. मॉस्कोच्या कुर्चातोव्ह संस्थेतल्या ‘टी-३’ टोकामॅकचे तापमान सोव्हिएत शास्त्रज्ञ सांगत होते ते पाश्चात्त्यांना पटत नव्हते. इंग्लंडच्या कल्हम प्रयोगशाळेतून निकोल पीकॉक, डेरेक रॉबिन्सन आणि त्यांचे सहकारी रुबी लेसर घेऊन मॉस्कोला गेले. त्यांनी विखुरलेल्या प्रकाशावरून तापमान मोजले तेव्हा ते एक कोटी अंशांच्या आसपास निघाले. शीतयुद्धाच्या काळात एका मापाने वाद मिटला आणि जगभरच्या प्रयोगशाळा टोकामॅककडे वळल्या.

८. किती प्रकाश परत येतो

हल्ली बहुतेक ठिकाणी १,०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम-याग लेसर वापरतात. त्याची एक स्पंद सेकंदाच्या दहा कोटीव्या भागाएवढी अल्पकाळ टिकते. एक ज्यूलच्या स्पंदेत सुमारे पाचावर अठरा शून्ये एवढे फोटॉन असतात. प्लाझ्मात दर घनमीटरला दोनावर एकोणीस शून्ये इलेक्ट्रॉन आहेत, झोताचा एक सेंटिमीटर तुकडा पाहायचा आहे आणि भिंगाने फक्त एका छोट्या कोनातला प्रकाश गोळा होतो, असे धरले, तर हाती सुमारे पंचाऐंशी हजार फोटॉन येतात. आरसे, तंतू आणि फिल्टर यांतून जाता जाता त्यातले काही हजारच डिटेक्टरपर्यंत पोचतात.

यामुळे भिंतीवरून परतणारा लेसरचा प्रकाश मोठा शत्रू ठरतो. झोतातल्या दहा लाख कोटी फोटॉनांपैकी एकच जरी भटकत भिंगात आला, तरी असे भटके फोटॉन खऱ्या संकेताच्या काही पट भरतात. म्हणून झोताच्या वाटेवर अडसर लावतात आणि टोकाला प्रकाश गिळणारा सापळा बसवतात. थेंब मोजणाऱ्या उपकरणातला मधला ठिपका हेच काम लहान प्रमाणावर करतो.

९. तापमानाचे अंशांकन: फिल्टरांची तपासणी

विखुरलेला प्रकाश चार-पाच फिल्टरांमधून वेगळा करतात. प्रत्येक फिल्टर पट्ट्याचा एकेक भाग सोडतो आणि त्यामागे संवेदनशील फोटोडायोड असतो. शेजारच्या फिल्टरांमधल्या संकेतांचे गुणोत्तर पट्ट्याची रुंदी सांगते आणि रुंदी तापमान सांगते.

समजा, लेसरच्या रंगापासून २० आणि ५० नॅनोमीटर अंतरावर दोन सारख्या रुंदीचे अरुंद फिल्टर आहेत आणि प्रकाश काटकोनात गोळा केला जातो. २०० इलेक्ट्रॉनव्होल्टला दूरच्या फिल्टरातला प्रकाश जवळच्या फिल्टरातल्या प्रकाशाच्या ०.३१ पट असतो. ४०० इलेक्ट्रॉनव्होल्टला तो ०.५५ पट होतो. आता दूरच्या फिल्टरामागचा डिटेक्टर दहा टक्के कमी संवेदनशील आहे आणि ते कोणाला माहीत नाही. गुणोत्तर ०.२८ दिसेल आणि तापमान सुमारे १८५ निघेल. पंधरा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे पावणेदोन लाख अंशांची चूक.

ती टाळण्यासाठी प्लाझ्मा नसताना सगळी फिल्टरपेटी टंगस्टनच्या पांढऱ्या दिव्याने तपासतात. दिव्याचा प्रकाश एका उपकरणातून एकेक नॅनोमीटर पुढे सरकवत पेटीत सोडतात आणि प्रत्येक डिटेक्टर प्रत्येक रंगाला किती उत्तर देतो, ते नोंदवतात. दिव्याचा प्रत्येक रंगातला खरा उजेड प्रमाणित डिटेक्टरने वेगळा मोजलेला असतो. इथे दिवा हाच काचमणी.

तापमान गुणोत्तरावर अवलंबून असल्याने एक सोय होते. वाटेतला सगळा प्रकाश सारख्या प्रमाणात घटला, तर गुणोत्तर बदलत नाही आणि तापमान बरोबरच राहते. घनतेला ही सवलत नाही. तिला एकूण प्रकाश लागतो.

१०. घनतेचे अंशांकन: यंत्रात नायट्रोजन भरणे

ज्ञात संख्येचे मोकळे इलेक्ट्रॉन डबीत भरून ठेवता येत नाहीत. म्हणून रेणू उपयोगी पडतात. यंत्र बंद असताना पात्रात मोजक्या दाबाचा नायट्रोजन भरतात आणि तोच लेसर, तीच भिंगे, तेच डिटेक्टर वापरून त्याचा विखुरलेला प्रकाश मोजतात. वायूचा दाब आणि तापमान माहीत असले, की रेणूंची घनता शालेय पुस्तकातल्या वायुनियमाने काढता येते. खोलीच्या तापमानाला एक मिलिबार दाबावर दर घनमीटरला २.४ गुणिले दहाचा बाविसावा घात एवढे रेणू असतात.

नायट्रोजनचा एक रेणू १,०६४ नॅनोमीटरला मोकळ्या इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे दोन हजारपट कमी प्रकाश विखुरतो. ही तुलना आधीच काळजीपूर्वक मोजलेली आहे. आता उदाहरण असे: एक मिलिबार नायट्रोजनने ३०० एकक संकेत दिला आणि तेवढ्याच ऊर्जेच्या लेसरने प्लाझ्माने ५०० एकक दिला. इलेक्ट्रॉनांची घनता म्हणजे ५०० भागिले ३००, गुणिले रेणूंची घनता, भागिले दोन हजार. उत्तर येते दर घनमीटरला दोनावर एकोणीस शून्ये. लेसर किती जोरात, भिंग किती मोठे, आरसे किती स्वच्छ, या सगळ्या अज्ञात गोष्टी दोन्ही संकेतांत सारख्याच असल्याने भागाकारात उडून जातात.

पण रेली विकिरण लेसरच्याच रंगाचे असते आणि भटका प्रकाशही त्याच रंगाचा. दोन्ही वेगळे करता येत नाहीत. एक उपाय असा, की नायट्रोजनचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवत संकेताचा आलेख काढायचा. दाब शून्य असताना उरलेला संकेत म्हणजे भटका प्रकाश. रेषेचा चढ म्हणजे खरे अंशांकन. दुसरा उपाय रामन विकिरणाचा. नायट्रोजनचे फिरते रेणू प्रकाशाची तरंगलांबी काही नॅनोमीटरने बदलतात, त्यामुळे तो भाग लेसरच्या रंगाबाहेरच्या फिल्टरात पकडता येतो आणि भटका प्रकाश वाटेतच गाळला जातो. हा संकेत रेलीहून कितीतरी क्षीण असतो, म्हणून जास्त दाब आणि अनेक स्पंदांची सरासरी लागते. तरीही अनेक टोकामॅकवर याच पद्धतीला पसंती मिळते.

११. अंशांकन टिकते किती

एकदा केलेले अंशांकन कायमचे नसते. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे ओलीचिंब असते. उपकरणाच्या खिडकीवर दव बसले किंवा धूळ चिकटली, तर प्रत्येक थेंबाचा प्रकाश घटतो आणि सगळे थेंब लहान दिसू लागतात. आकाराचा आलेख एकाच बाजूला सरकला, की पहिली शंका खिडकीवर घ्यायची आणि मण्यांची परीक्षा पुन्हा करायची.

टोकामॅकमध्ये पात्राच्या भिंतीवरचा पदार्थ उडून आतल्या खिडक्यांवर थर बसतो. थर सगळे रंग सारखे अडवत असेल, तर फक्त घनता चुकते. एखादा रंग जास्त अडवत असेल, तर गुणोत्तर बिघडते आणि तापमानही चुकते. म्हणून मोजणी नसताना खिडक्यांवर झडप ओढतात आणि नायट्रोजनची परीक्षा पात्र न उघडता, आहे त्या खिडकीतूनच करतात. ‘इटर’सारख्या यंत्रात न्यूट्रॉनांच्या माऱ्याने काचही काळवंडते आणि तिथे वारंवार हात घालता येणार नाही. त्यासाठी दोन वेगवेगळ्या तरंगलांबींचे लेसर एकापाठोपाठ सोडण्याची पद्धत विकसित झाली आहे. प्लाझ्मा तोच, तापमान तेच, त्यामुळे दोघांची उत्तरे जुळली नाहीत, तर फरक वाटेतल्या काचेचा आहे असे समजते आणि तो काढून टाकता येतो.

१२. दुसऱ्या वाटेने पडताळा आणि आकड्याची मर्यादा

अंशांकन कितीही नीट केले, तरी वेगळ्या तत्त्वावरच्या उपकरणाशी ताळा घेतात. ढगात यासाठी तापलेल्या तारेचे उपकरण असते. तारेवर थेंब आदळून वाफ होतात आणि तार तापती ठेवायला किती जास्त वीज लागली, यावरून पाण्याचे वजन निघते. लेसरने मोजलेल्या सर्व थेंबांचे घनफळ जोडून आलेले पाणी आणि तारेवरचे पाणी जुळायला हवे. प्लाझ्मात हे काम इंटरफेरोमीटर करतो. प्लाझ्मातून गेलेल्या सूक्ष्मलहरींची कला इलेक्ट्रॉनांच्या एकूण संख्येनुसार सरकते. तिच्याशी लेसरची घनता जुळवून पाहतात. मणी, दिवा किंवा नायट्रोजन यांत सुटलेली चूक बहुधा या ताळ्यात सापडते.

तरीही काही अनिश्चितता उरते आणि ती आकड्यासोबत लिहावी लागते. ढगाच्या उदाहरणात व्यासात पाच टक्के अनिश्चितता असेल, तर घनफळात पंधरा टक्के होते. तपासलेल्या क्षेत्रफळात वीस टक्के असेल, तर दोन्ही मिळून पंचवीस टक्के, कारण स्वतंत्र चुका वर्गांच्या बेरजेने जोडतात. म्हणजे ०.३५ ग्रॅम पाणी हा आकडा ०.२६ ते ०.४४ असा वाचायला हवा. एकाच उपकरणाने सकाळचा आणि दुपारचा ढग मोजला, तर दोन्हींतली समान चूक तुलनेतून निघून जाते आणि याहून लहान फरकही विश्वासाने सांगता येतो. महाबळेश्वरच्या छतावरचा ढग आणि सोलापूरच्या विमानाने मोजलेला ढग यांची तुलना करायची असेल, तर मात्र दोन्ही उपकरणे एकाच प्रकारच्या मण्यांवर तपासलेली आणि दोन्हींची क्षेत्रफळे वेगवेगळी मोजलेली असावी लागतात. दोन टोकामॅकांमधल्या तापमानाची आणि घनतेची तुलनाही याच अटीवर करता येते.